अलिबाग : ओहोटीची वाट

मी राहतो ते भिलाई समुद्रापासून फार दूर. १९५९ साली येथे पहिली झोतभट्टी पेटली आणि तेव्हापासून गावाचा सारा संसार लोखंडावर चालला आहे. अशा गावाहून मी गेल्या डिसेंबरात सहकुटुंब अलिबागेस गेलो, आणि तेथे लोखंडाला मज्जाव असलेल्या एका वास्तूची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली.

अलिबागेस जाणारा मनुष्य प्रथम कुलाबा किल्ल्याकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. शिवछत्रपतींनी १६८० मध्ये, आपल्या अखेरच्या वर्षी, या जलदुर्गास हात घातला. संभाजीराजांनी तो पुरा केला. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे हे ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी किल्ला हाती लागला नाही. तटाच्या भिंतीत चुना न घालता नुसते चिरे रचले आहेत. लाटेचे पाणी फटींतून शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याचा साठा आहे, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. आंग्र्यांचे राज्य १८४० मध्ये खालसा झाले. जवळच्या आक्षी गावी मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक आहे, तोही चुकवू नये.

आता त्या वास्तूविषयी. मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तेथील नोंद जगभरचे अभ्यासक आजही चाळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या प्रवाहाने नाजूक सुया थरथरणार! तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. पोरबंदरचा दगड आणला आणि बांधकामातून लोखंड कटाक्षाने वगळले. १९०४ पासून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांचा मेळ घातला. कचेरी हलविताना जुनी दप्तरे कशी गहाळ होतात हे मी नोकरीत पाहिले आहे. म्हणून या दोन वर्षांपुढे मी मनोमन हात जोडले. मुंबईच्या कुलाब्यातून अलिबागच्या कुलाब्यापाशी आलेली ही नोंदींची मालिका अजून अखंड आहे.

परंतु ज्या मुंबईला टाळण्यासाठी वेधशाळा येथे आली, ती २०२० पासून रो-रो बोटीने मोटारींसह मांडव्यास उतरते. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून बंगले उभे राहत आहेत. आम्हीही त्या गर्दीतलेच. सूक्ष्म सुईला हे सारे कितपत मानवेल, असा विचार लोखंडाच्या गावच्या माणसालाही चाटून गेला.

तेवढ्यात मुले किल्ल्यातून परत फिरण्याची घाई करू लागली. ओहोटीला ओल्या वाळूतून पायी जाता येते, पण भरती आमच्यासाठी थांबणार नव्हती. निघालो तेव्हा पाणी घोट्याशी होते, किनारा गाठला तेव्हा गुडघ्यापर्यंत.