बिऱ्हाडापासून घरापर्यंत : मुक्तस्रोत आज्ञावली आणि मराठी

(ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



साहित्याच्या माणसाने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका गणेशोत्सवात महाप्रसादाच्या आदल्या दिवशी फलकावर सूचना लागली : ‘सर्व आचार्यांनी पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात हजर राहावे.’ आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, ‘बोलावणं आलंय. पोळपाट घरून न्यायचा का?’ सूचना टंकणाऱ्या मुलाला ‘आचाऱ्यांनी’ म्हणायचे होते. तो अर्धा ‘ऱ्’ कुठून आणायचा, हे त्याला ठाऊक नव्हते.

हिंदीला या ‘ऱ्’ची गरज पडत नाही, मराठीचे त्यावाचून चालत नाही. त्याच्याविना दऱ्यांचा दर्या होतो. आजचा विषय याच फटीत आहे.

एका यंत्रणेसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रणेवर चालेल अशी करणे, याला संगणकाच्या व्यवहारात ‘पोर्ट करणे’ म्हणतात. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो, त्यामुळे हे काम कोणीही हाती घेऊ शकतो. पण चालणे वेगळे आणि रुळणे वेगळे. नव्या जागी ती आधी बिऱ्हाडकरूसारखी राहते. घरची व्हायला वेळ लागतो.

ओपनऑफिसचे उदाहरण घ्या. सन कंपनीने २००० साली या कार्यालयीन संचाचा मूळ मजकूर खुला केला. मॅक संगणकावर तो आला, पण ‘एक्स११’ नावाच्या वेगळ्या खिडकी-व्यवस्थेच्या आधाराने. मॅकवर मेनू पडद्याच्या माथ्यावर असतो. याचा मेनू खिडकीतच अडकलेला. कळांचे संकेत निराळे, टंकांची व्यवस्था निराळी. काम होई, पण परकेपणा जाईना. काही जाणकारांनी २००३ पासून ‘निओऑफिस’ नावाची वेगळी चूल मांडली. मॅकच्या वळणाचा संच त्यांनी लवकर दिला. मात्र परवान्यातील फरकामुळे त्यांचे काम मूळ प्रकल्पात परत जाऊ शकले नाही. मूळ प्रकल्पातील स्वयंसेवक चिकाटीने लागले होते. २००७ मध्ये सनचे अभियंतेही त्यांना मिळाले. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेली ३.० ही आवृत्ती ‘एक्स११’शिवाय, मॅकची स्वतःची म्हणून चालली. म्हणजे आठ वर्षे लागली.

आता मराठीकडे वळू. ओपनऑफिसचा पुढचा अवतार म्हणजे लिबरऑफिस. ते आणि फायरफॉक्स दोन्ही मराठी मेनूसह मिळतात. स्वयंसेवकांनी केलेले हे काम मोठे आहे. तरी मेनू मराठी झाला म्हणजे आज्ञावली मराठीत रुळली, असे होत नाही. अजून चार ठिकाणी तिची परीक्षा होते.

पहिले ठिकाण अक्षराचे. दाक्षिणात्य भाषांतील एका ‘र’साठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर आहे. त्याला हलन्त जोडला की आपला अर्धा ‘ऱ्’ मिळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’ ही कळ ‘र’ देते आणि शिफ्टसह ‘ऱ’. म्हणजे आमच्या त्या मुलाला हवे ते अक्षर संगणकात होते. त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

दुसरे ठिकाण अक्षराच्या वळणाचे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीहून वेगळे, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना क्रमांक एकच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली. पण शासननिर्णय संगणक वाचत नाही. टंकात दोन्ही वळणे असावी लागतात आणि हा मजकूर मराठी आहे, अशी नोंदही मजकुरावर असावी लागते.

तिसरे ठिकाण वर्णक्रमाचे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे बसला आहे. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याला जागा मिळाली अंकांच्याही पलीकडे. नुसत्या क्रमांकाने यादी लावली, तर ‘ॲप’ थेट ‘हौद’च्या मागे जाऊन उभे राहते. प्रत्येक भाषेचा वर्णक्रम, महिन्यांची नावे, तारखांची रीत यांसाठी युनिकोडचे ‘सीएलडीआर’ नावाचे सामायिक भांडार आहे. तिथे केलेली एक दुरुस्ती पुढे अनेक यंत्रणांत पोचते.

चौथे ठिकाण शुद्धलेखनाचे. घर, घराला, घरातला, घरातल्यांनीसुद्धा : हे सगळे एका शब्दाचेच अवतार. नुसती शब्दयादी इथे अपुरी पडते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात तो ‘हन्स्पेल’ हा तपासनीस मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाला. तीही प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी भाषा, म्हणून त्यात शब्दयादीबरोबर रूपांचे नियम देण्याची सोय आहे. ‘घर’चे ‘घरा’ आणि ‘शाळा’चे ‘शाळे’ का होते, हे सामान्यरूपाचे प्रकरण आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. तेच नियमांच्या रूपात लिहून द्यायचे आहे.

इथे अभियंत्याचे काम थांबते आणि आपले सुरू होते. या चारही जागी अडते ते यंत्रापाशी नव्हे, भाषेच्या ज्ञानापाशी. अशा कामाचे नेतृत्व म्हणजे तरी काय? कोणते रूप मान्य, कोणते नाही, यावर बसून निर्णय करणे. निर्णय लिहून ठेवणे. आणि दुरुस्ती आपल्या संगणकापुरती न ठेवता मूळ प्रकल्पाकडे परत पाठवणे. वेगळी चूल लवकर पेटते, पण तिच्यावर शिजलेले घरभर पोचत नाही.

आपण ग्वाल्हेरकरांना हे समजावून सांगायला नको. शिंद्यांच्या काळात आपली घराणी इथे बिऱ्हाड करून आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी, असे आपण पिढ्यानपिढ्या राहिलो. आज आपली नातवंडे फोनवर मराठी लिहायला जातात. एखादा शब्द तांबड्या रेघेने अधोरेखित होतो आणि ती मुकाट्याने हिंदीकडे किंवा रोमन लिपीकडे वळतात. भाषा अशा लहान लहान अडचणींतूनही हातची जाते.

म्हणून एक साधा प्रस्ताव मांडतो. येत्या सत्रात आपल्या मराठी विभागांनी, प्रकल्प म्हणून, प्रत्येक विद्यार्थ्याला पन्नास शब्द द्यावेत. त्यांची सर्व रूपे त्याने लिहावीत, शिक्षकांनी तपासावीत आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी ती नियमांत बसवून मूळ प्रकल्पाकडे पाठवावीत. त्यात आपल्या ग्वाल्हेरी घरांतले शब्दही असावेत. आणि तोवर पुढच्या गणेशोत्सवाची सूचना टंकणाऱ्या मुलाला ती शिफ्टची कळ दाखवायला कोणी तरी आवर्जून जावे. मी जाणार आहेच.