उंची फोनमध्ये सापडत नाही

सांगोला म्हटले की डाळिंब आठवते आणि त्यामागोमाग दुष्काळ. पर्जन्यछायेतला हा तालुका. माण नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. इथे भूगोल आणि भूशास्त्र घेतलेल्या पदवीच्या मुलांना मी सर्वेक्षण शिकवतो. दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, फोनवर सगळा नकाशा दिसतो. मग ही तिपाई आणि डंपी लेव्हल उन्हातान्हात कशाला वाहायची?"

प्रश्न रास्त आहे. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून उघड्या माळावर साध्या यंत्रालाही आपली जागा काही मीटरांच्या फरकाने कळते. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला आणि १८२३ मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला, तेव्हाही काम अपुरेच होते. हे ऐकले की मुलांना खिशातल्या फोनचा अभिमान वाटतो. वाटावाच.

पण जागा कळणे वेगळे आणि उंची कळणे वेगळे. मी एकाच दगडावर दोन फोन ठेवायला लावतो, दोन निराळी अ‍ॅप उघडून. कधी कधी एकाची उंची दुसऱ्यापेक्षा साठ-सत्तर मीटरांनी कमी निघते. मुले चक्रावतात. कारण असे, की उपग्रहांवरून मिळणारी उंची गणिताने कल्पिलेल्या गुळगुळीत पृथ्वीगोलापासून मोजलेली असते. आपले नकाशे मोजतात ती समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या कल्पित गोलाच्या बरीच खाली येते. एक अ‍ॅप ही दुरुस्ती करते, दुसरे करत नाही. दुरुस्ती करूनही फोनच्या उंचीत काही मीटरांची चूक उरतेच.

आता डोंगरउतारावरचा सलग समतल चर घ्या. त्यात वीतभर फरक पडला तरी पाणी सखल टोकाला गोळा होते आणि भराव फोडून वाहून जाते. पन्नास हजारी स्थलदर्शक नकाशावर दोन समोच्च रेषांमधले अंतर साधारण वीस मीटरांचे. एवढ्या अंतरात आमच्या कितीतरी टेकड्या नकाशातून निसटतात! टेंभूसारख्या योजनेत कृष्णेचे पाणी पंपाने वर चढवता येते, पण पुढे कालव्यात ते उतारानेच चालते. त्याला फोन दाखवून उपयोग नाही.

म्हणून पहिला पाठ गवंड्याच्या नळीचा. पारदर्शक नळी, दोन काठ्या, काठ्यांवर आकडे. नळीत बुडबुडा राहिला तर सगळे मुसळ केरात, हे मुलांना एकदाच सांगावे लागते. शेतकऱ्यांच्या पोरांना शंकुसाखळीही परकी नाही : लांबी ३३ फूट, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. बांधावरच्या भांडणात हा हिशेब त्यांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. समतल फलक, लेव्हल, मग जीपीएस, आणि शेवटी संगणकावर नकाशा, असा माझा क्रम आहे. ड्रोन वाईट नव्हे. पण त्याच्या चित्रातली उंची पडताळायला जमिनीवर मोजलेले बिंदू लागतातच.

खरी अडचण यंत्रांची नाही, जर्नलची आहे. लेव्हल घेऊन फेरी मारून मूळ खुणेवर परतले की उंचीत थोडा फरक येणारच. साध्या कामात एक किलोमीटरच्या फेरीला सुमारे २४ मिलिमीटर चालतात. मुले मात्र शेवटचा आकडा असा लिहितात की फरक शून्य. परीक्षकही नीटनेटकी वही पाहून खूश. अशी सवय लागलेला मुलगा उद्या मोजणीला किंवा नकाशाच्या कंपनीत गेला, तर कुणाच्या तरी बांधावर किंवा बंधाऱ्यावर त्याची किंमत वसूल होते. मी शून्य फरकाच्या वहीला गुण कमी देतो. सुरुवातीला पोरे कुरकुरतात.

एका गटाची फेरी ६१ मिलिमीटरने चुकली. त्यांनी ते तसेच लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मी न सांगता, तिपाई घेऊन पुन्हा माळावर गेले. चौथ्या थांब्यावर पट्टी भुसभुशीत मातीत टेकवली होती. पुढून वाचन घेऊन झाल्यावर आणि मागून घेण्याआधी ती खचली होती.