मुतखडा आणि मधुमेह



मुतखडा निघाला की दुखणे संपले, अशी घरोघरी समजूत आहे. परंतु खडा ही पुष्कळदा चयापचय बिघडल्याची खूण असते. इन्सुलिनचा प्रभाव मंदावला, की मूत्रपिंडात अमोनिया कमी तयार होतो, मूत्र अधिक आम्ल बनते आणि यूरिक आम्लाचे खडे धरू लागतात. म्हणूनच मधुमेही माणसांत असे खडे अधिक आढळतात.

‘आम्ही तर सडपातळ!’ असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या पुण्यातील संशोधन ध्यानी घ्यावे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडातील बालकांशी ताडून पाहिली. आपली बालके वजनाने पुष्कळ हलकी, परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, असे त्यांनी २००३ साली दाखविले. म्हणजे किरकोळ देह हा निर्धास्तपणाचा दाखला नव्हे.

तेव्हा खडा निघाल्यास तो तपासून घ्यावा, रक्तातील साखर पाहावी, कंबरेचा घेर मोजावा. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारूनच. मीठ बेताचे असावे, नित्य चालणे असावे. गृहिणींनी व कर्त्या पुरुषांनी एवढे मनावर घ्यावे.