ठराव आणि अंमल



वाणिज्य महाविद्यालयाच्या या स्नेहसंमेलनात बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. पारितोषिक-वितरण आणि नाट्यप्रयोग यांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या वक्त्याने आपली पायरी ओळखावी, हे मी जाणून आहे; म्हणून धंद्यातील अडचणीवर उपाय कसा निवडावा आणि तो अंमलात कसा आणावा, एवढ्याच विषयावर, एका उदाहरणाच्या आधाराने, चार शब्द सांगतो.

प्रवरेच्या कालव्यांचे पाणी अहमदनगर जिल्ह्यात खेळू लागले, ऊस वाढला, गुऱ्हाळे पेटली. परंतु गुळाचा भाव कोसळला की शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे फळ सावकाराच्या वहीत जमा होई. गूळ साठवून भाव चढण्याची वाट पाहावी, तर कर्जदाराला तेवढी उसंत नव्हती. ऊस खाजगी कारखानदारास द्यावा, तर दर ठरविण्याचा अखत्यार त्याच्याच हाती जाणार. उरला तो स्वतःचा कारखाना उभारण्याचा मार्ग, जो सर्वांत दुर्घट असूनही, ज्यांची अडचण त्यांच्याच हाती तिचे निवारण सोपविणारा असा एकमेव होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो पत्करला, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यास विद्वत्तेचे पाठबळ दिले, वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारनिष्ठ मंत्र्याचे साहाय्य लाभले, आणि १९५० साली प्रवरेकाठी महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गळीत सुरू झाले.

येथवरची कथा निवडीची झाली. परंतु उपायाची खरी कसोटी फडात आणि काट्यावर लागते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटू लागते. म्हणून कोणाच्या उसाला केव्हा तोड द्यावयाची, हे लागणीच्या तारखेवरून ठरवून तो क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. वजनदार असामीचा फड आधी तुटला आणि गरिबाचा ऊस वाळत राहिला, किंवा काट्यावरील वजनाविषयी गाडीवानाच्या मनात किंतु आला, तर घटनेत सहकाराची तत्त्वे कितीही सुंदर अक्षरांत लिहिलेली असोत, सभासदाची गाडी पुढच्या हंगामी पुन्हा गुऱ्हाळाकडेच वळावयाची. त्या कारखान्यात गाडगीळ अध्यक्ष होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष; ही योजना मला या दृष्टीने फार मार्मिक वाटते. कारण गावातील भाऊबंदकीशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही, असा मनुष्य अग्रस्थानी असला म्हणजे पक्षपाताचा संशय घेण्यास जागा उरत नाही.

मित्रहो, उद्या आपण पेढीवर, कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत बसाल, तेव्हा उपायांची तुलना करताना केवळ नफ्याची बेरीज पाहू नका. तो उपाय रोज राबविणारा मनुष्य कोण, आणि त्याचे हित त्यात गुंतलेले आहे की नाही, हे आधी विचारा. निर्णय झाला की ठरावाखाली जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुदतीची तारीख लिहा, मुदत भरताच जातीने तपास करा, आणि उपाय लागू पडत नाही असे दिसले, तर प्रतिष्ठेचा प्रश्न न करता तो बदला. एवढी शिस्त ज्याच्या अंगी बाणेल, त्याच्या हाती कोणताही व्यवहार निर्धास्तपणे सोपवावा.