विमानाचा अंगरखा

श्रोतेहो, विमानाचा रंग हा कवीचा विषय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण त्या रंगात अक्षरं असतात, आणि अक्षरं आली की मला गप्प राहवत नाही.

पंचवटीतल्या आमच्या घरी माझा भाचा संगणकावर विमान उडवतो. इथून ओझर वीसेक किलोमीटरवर. तिथं लढाऊ विमानांचा कारखाना, तेव्हा पोरांना हे वेड लागलं तर नवल नाही. उडवण्याइतकाच त्याला विमान रंगवण्याचा नाद आहे. या खेळात विमानाचा आकार एका फायलीत असतो आणि रंग दुसरीत. रंगाचं चित्र उघडलं की विमान सोलून पाटावर पसरल्यासारखं दिसतं. पोट एकीकडे, पंख दुसरीकडे, शेपूट कोपऱ्यात. शिंप्यानं बेतलेलं कापडच म्हणा ना! ते रंगवायचं, नव्या फोल्डरात ठेवायचं आणि विमानाच्या माहितीच्या फायलीत त्या फोल्डरचं नाव लिहायचं. नावात एक अक्षर चुकलं की रंग चढत नाही. उड्डाणात मात्र काडीचा फरक पडत नाही.

काही मॉडेलांत दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असतं. मग एका बाजूची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी! एअर इंडियाच्या जुन्या विमानांवर एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे देवनागरी. तिथं हा आळस चालत नाही. विमानाच्या उजव्या अंगाला देवनागरी शब्द शेपटीकडून सुरू होऊन नाकाकडे जातो. तिथं उर्दू लिहिली, तर ती नाकापासूनच निघेल.

परवा त्यानं 'एम्परर अशोक' रंगवायला घेतलं. १९७१ साली आलेलं एअर इंडियाचं हे पहिलं बोइंग ७४७. खिडकी-खिडकीभोवती लाल झरोका. 'आकाशातला महाल' अशी त्याची जाहिरात असे. झरोके मन लावून काढले, नोंदणीची अक्षरंही घातली, व्हीटी-ईबीडी. मी विचारलं, "हे विमान कुठं गेलं, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं हे विमान दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, आणि बाहेर पाहावं तर समुद्रावर काळोख. २१३ माणसं होती. एकही वाचलं नाही.

तेच यंत्र भाच्याच्या पडद्यावरही आहे. तो बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"मामू, मग नाव पुसून टाकू?"

"नको. पण खेळात मुद्दाम पाडू नकोस."

त्या माहितीच्या फायलीत वर्णनासाठी एक ओळ असते. त्यानं तिथं तारीख लिहिली, आणि पुढं २१३.