ओट्यावरची चिमणी : आपली आणि शेजारची
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात स्वयंपाकघरातल्या धुरावर भाषण कशाला, असं काहींना वाटेल. कारण सोपं आहे. आपल्या इमारती पंचवीस वर्षांच्या झाल्या आणि घरोघरी ओटे बदलायला निघाले. जुना ओटा फोडायचा, मॉड्युलर किचन करायचं आणि त्यासोबत चिमणी बसवायची. त्यात मुलं अमेरिकेत. आई-बाबा तिकडे सहा महिने राहून येतात आणि सांगतात, "तिकडे शेगडीच्या वरच मायक्रोवेव्ह असतो, त्यालाच खालून पंखा आणि दिवा. एकात दोन कामं, ओट्यावरची जागाही वाचते. आपणही तसंच करू या." म्हणून आज चिमणी आणि हा मायक्रोवेव्ह, दोन्हींबद्दल बोलतो.

आधी त्या अमेरिकन यंत्राबद्दल. त्याला ओव्हर-द-रेंज मायक्रोवेव्ह म्हणतात. रेंज म्हणजे तिकडची शेगडी, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन. ती बहुधा ३० इंच रुंद असते, म्हणून वरचा मायक्रोवेव्हही ३० इंचांचाच. तिकडच्या घरांच्या भिंती बहुतेक लाकडी उभ्या पट्ट्यांच्या, वरून जिप्समचा पातळ पत्रा. म्हणून आधी एक लोखंडी पट्टी त्या लाकडात स्क्रूने घट्ट बसवतात, मायक्रोवेव्ह तिच्यावर मागून अडकवतात आणि वरच्या कपाटाच्या तळातून बोल्ट घालून आवळतात. वजन पंचवीस किलोच्या आसपास, त्यामुळे हे दोन माणसांचं काम. आतल्या पंख्याला तीन वाटा असतात : हवा वर छपराकडे, मागे भिंतीतून बाहेर, किंवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत स्वयंपाकघरात. बरीच यंत्रं कारखान्यातून तिसऱ्या वाटेवर लावून येतात. बाहेर पाईप काढायचा असेल तर आतला पंखा काढून त्याचं तोंड फिरवावं लागतं. ते राहिलं, तर पाईप असूनही वारा आतच घुमतो.

मग हे आपल्याकडे का नको? पहिलं कारण विजेचं. ते यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी होतात, हर्ट्झ बदलत नाहीत. शिवाय दीड हजार वॉटच्या वर ओढणाऱ्या यंत्राला ट्रान्सफॉर्मर लागतो तो चांगलाच धिप्पाड. म्हणजे ओट्यावरची वाचलेली जागा त्यालाच द्यायची!

दुसरं कारण उंचीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. हा मायक्रोवेव्ह शेगडीपासून साधारण तेरा ते अठरा इंचांवर येतो. आपल्याकडे चिमणी २६ ते ३० इंचांवर लावतात. आपल्या कुकरची शिट्टी, कढईतली फोडणी, पापड भाजताना वर येणारी आच, हे सगळं त्या तेरा इंचांत कसं मावणार? शिवाय त्याची खोली कमी, त्यामुळे पुढच्या बर्नरवरचा धूर त्याच्या कक्षेत येतच नाही. आणि पेटत्या गॅसवरून हात वर करून गरम वाटी खाली काढायची, तीही आपल्याकडच्या पाच फुटांच्या काकूंनी. नको रे बाबा! तेव्हा मायक्रोवेव्ह बाजूला, छातीच्या उंचीवर, पक्क्या फळीवर ठेवा. मागे आणि वर कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडा. त्याला १६ अँपियरचं स्वतंत्र सॉकेट, नीट अर्थिंग आणि एमसीबी द्या. मिक्सर, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका. वायरिंग जुनं असेल तर ओटा फोडला आहे तोवरच बदलून घ्या.

आता चिमणी. आपल्या आज्यांच्या घरी चुलीवर धुराडं होतं, ते कौलातून थेट आभाळाकडे उघडायचं. धूर निघून जायचा, निदान जायची वाट तरी होती. फ्लॅटमध्ये चूल गेली, गॅस आला आणि धूर दिसेनासा झाला. दिसत नाही म्हणजे नाही, असं मात्र नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीतून पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. ज्योत नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइडही निघतो. तळताना आणि फोडणीत तेलाचे बारीक कण उडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, खूप तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारा, या गटात घातला आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण घरात रोज दोन-तीन तास त्या धुरात कोण उभं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा चिमणी ही शोभेची वस्तू नाही. ती त्या माणसाच्या छातीसाठी आहे.

आता निवड. दुकानात विनापाईपची चिमणीही मिळते. ती तेल अडवते, कोळशाने वास थोडा कमी करते आणि हवा परत आपल्याच तोंडावर सोडते. वाफ तशीच राहते, कार्बन मोनॉक्साइड तसाच राहतो. कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, काही महिन्यांनी बदलावा लागतो आणि तो आपण बदलत नाही! म्हणून माझं म्हणणं साधं आहे : पाईप बाहेर काढता येत असेल तर पाईपवालीच घ्या. अजिबातच जमत नसेल तर विनापाईपच्या चिमणीवर पैसे घालण्याआधी चांगला एक्झॉस्ट फॅन लावा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, १२०० घनमीटर प्रतितास. आपलं स्वयंपाकघर धरा दहा बाय आठ, उंची साडेनऊ फूट. म्हणजे ७६० घनफूट, साधारण साडेएकवीस घनमीटर. त्या आकड्याप्रमाणे खोलीतली हवा तासात पन्नासहून जास्त वेळा बदलेल! एवढी गरज नाही आणि एवढी बदलतही नाही. पाईप जोडला, त्याला कोपर दिलं, की ओढ घटते. म्हणून आकड्यापेक्षा पाईप बघा. तोंड सहा इंचांचं असेल तर पाईप शेवटपर्यंत सहा इंचांचाच ठेवा, वाटेत चार इंचांचा करू नका. लांबी जितकी कमी तितकी बरी. वळणं दोनच्या वर नकोत. सुरकुत्यांचा ॲल्युमिनियमचा पाईप असेल तर ताणून बसवा, माळ्यावर अजगरासारखा पसरू देऊ नका. बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. तोंडावर झडप असलेलं झाकण लावा, नाहीतर पाखरं पाईपमध्ये घरटं करतील. आपल्या यंत्राचं नाव चिमणी असलं तरी खरी चिमणी आत नको! रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. दोन बर्नरना ६० सेंटिमीटर चालते, तीन-चार बर्नरना ९० घ्या.

आता खरा प्रश्न. भोक कुठे पाडायचं? हा प्रश्न तुमच्या एकट्याच्या घराचा राहत नाही, म्हणूनच तो या स्मरणिकेत हवा. बीम, कॉलम आणि खिडकीवरची लिंटेल यांना कुणीही, कधीही हात लावायचा नाही. कोअर कटरवाला म्हणेल, "साहेब, दहा मिनिटांत होईल." होईलच. पण आतली सळई कापली गेली तर त्याचे परिणाम वरच्या सगळ्या मजल्यांना भोगावे लागतील. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्या ऑडिटात आपली भोकं निघू नयेत. म्हणून कोअर कटर घरात येण्याआधी कमिटीला अर्ज द्या. आपल्याकडे एक सोय आहे. पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डरने स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनसाठी भोक ठेवलं असेल, तर पहिली पसंती तिला. नसेल तर खिडकीच्या वरच्या भागातली एक काच काढून तिथे पत्रा बसवा आणि त्यातून पाईप काढा. बीमला धक्का नाही, उद्या बदलायचं झालं तर काच परत बसते. विटांच्या भिंतीत भोक पाडायचंच असेल तर बाहेरून ते नीट बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात शेजारच्या भिंतीला ओल येते.

आणि पाईपचं तोंड. संडास-बाथरूमच्या सामाईक डक्टमध्ये पाईप सोडणं सर्वांत सोपं वाटतं. पण त्या डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडतात. तिसऱ्या मजल्यावर सुरमई तळली की पाचव्यावर अंघोळ करणाऱ्याला कळतं, आणि त्या घरात एकादशी असेल तर विचारायलाच नको. तेलाचा चिकटा डक्टमधल्या ड्रेनेजच्या पाईपांवर बसतो, तो कुणी साफ करत नाही. तीच गोष्ट शेजारच्या ड्राय बाल्कनीकडे तोंड काढण्याची. तिथे त्यांचे कपडे वाळत असतात. आपला धूर बाहेर काढला म्हणजे काम संपलं असं नाही. तो कुणाच्या घरात गेला, तेही पाहायला हवं.

एक गोष्ट बरेचदा लक्षात येत नाही. चिमणी हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळ्या खिडक्या बंद करून चिमणी मोठ्या वेगावर लावली की घर ती हवा मिळेल तिथून ओढतं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून वास येतो तो अनेकदा यामुळेच. त्याहून वाईट म्हणजे बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्याचा जळलेला वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेव्हा चिमणी चालू असताना एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. चिमणी चालू आणि गॅस गीझर चालू, हे एकाच वेळी नको. हा नियम घरात लिहून लावा.

गॅसबद्दल अजून दोन वाक्यं. पाईपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो खाली साचतो. म्हणून भिंतीतली जाळी, वरची असो वा खालची, मॉड्युलर किचनच्या सुताराला झाकू देऊ नका. गॅसचा पाईप हलवायचा असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवा. आणि कधी गॅसचा वास आला तर "धूर काढते ना, लाव चिमणी" असं कृपा करून करू नका. चिमणीचं बटण, दिव्याचं बटण, काहीच दाबू नका. बर्नर आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या हाताने उघडा आणि बाहेर जाऊन फोन करा.

देखभाल. जाळीचे किंवा पट्ट्यांचे फिल्टर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात साबण घालून धुवा. 'ऑटो क्लीन' म्हणजे आतलं तेल तापवून वाटीत गोळा करणं. पाईप त्याने साफ होत नाही. चिकटा साचलेला पाईप म्हणजे वात तयार, फक्त ठिणगी हवी. कढईने पेट घेतला तर गॅस बंद, चिमणी बंद, कढईवर झाकण. पाणी नाही. आणि चिमणी ओढते की नाही हे बघायचं असेल तर देवघरातली उदबत्ती आणा. बर्नरवर धरल्यावर धूर सरळ वर गेला तर ठीक. बाजूला पसरला तर मेकॅनिकला बोलवण्याआधी फिल्टर धुऊन पहा.

सेक्रेटरी साहेब, माझी एक विनंती आहे. चिमणीसाठी एक पानाचा अर्ज तयार करा. भोक कुठे, पाईप कुठून, तोंड कोणत्या बाजूला, एवढंच त्यात लिहायचं. सगळ्या विंगांना एकच बाजू, एकाच रांगेत, एकाच रंगाची झाकणं असा ठराव पुढच्या वार्षिक सभेत करा. ओटा फोडायच्या आधी तो अर्ज द्यावा. खालच्या, वरच्या आणि शेजारच्या घराने तो वाचावा, आणि कुणाची हरकत असेल तर ती भोक पडण्याआधी कळावी. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या फोडणीचा वास ओळखत आलो. पुढची पंचवीस वर्षं वास ओळखावा, धूर मात्र सोसावा लागू नये, एवढीच इच्छा.