एक गोळी, दोन औषधं
(आरोग्य शिबिरातील भाषण)

आवणीच्या दिवसांत गुडघे धरले की आपण बाजारातून दुखण्याची गोळी आणतो. पाकिटावर बहुधा दोन नावं असतात : ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. एका गोळीत दोन औषधं! वर तापाची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल पुन्हा पोटात जातं. ते फार झालं की यकृत बिघडतं. दुसऱ्या नावाची डायक्लोफिनॅकची गोळी जोडली, तर जठरातून रक्त जाऊ शकतं, मूत्रपिंडालाही इजा होते.

म्हणून गोळी जेवणानंतर, डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तेवढेच दिवस. दारूबरोबर नकोच. रक्तदाब, अल्सर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, बाई गरोदर असेल, तर आधी विचारा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळीनं दुखणं दबतं, सांध्याची झीज भरत नाही. शेक आणि सांगितलेला व्यायाम सोडू नका. आणि येताना रिकामं पाकीटही आणा. वाचता येत नसलं तरी चालेल, आम्ही वाचू.